सपाट नेटवर्क आणि उघडे पोर्ट : एका छोट्या कार्यालयाच्या फायरवॉलचे प्रकरण

प्रकरणाची सुरुवात एका किरकोळ वाटणाऱ्या तक्रारीने झाली. एका छोट्या कार्यालयातील लेखापाल सकाळी संगणक सुरू करत, तेव्हा आठवड्यातून तीन-चार वेळा त्यांचे खाते कुलूपबंद झालेले आढळे. पासवर्ड चुकीचा टाकला जात असावा, असे सर्वांनी गृहीत धरले होते. त्यांना नवा पासवर्ड देण्यात आला, मग कीबोर्ड बदलण्यात आला, तरीही खाते बंद पडतच राहिले. मला बोलावले गेले ते तो एक संगणक तपासण्यासाठी. नेटवर्कबद्दल कोणाची काहीच तक्रार नव्हती.

विंडोजच्या सुरक्षा-नोंदी उघडताच कारण दिसले. ४६२५ या क्रमांकाची, म्हणजे अयशस्वी लॉगइनची नोंद रात्रभर दर काही सेकंदांनी पडत होती. वापरून पाहिलेल्या नावांत ‘ॲडमिन’, ‘टेस्ट’, ‘स्कॅन’ अशी सरसकट सगळीकडे लावून पाहिली जाणारी नावे होती आणि त्यांतच ‘अकाउंट्स’ हे नावही होते. लेखापालांचे खाते नेमके याच नावाचे होते. नोंदीतील लॉगइनच्या प्रकाराचा रकाना ३, म्हणजे नेटवर्कवरून केलेला लॉगइन, हा आकडा दाखवत होता. रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दूरवरून संगणक चालवण्याच्या सोयीचा, प्रकार १० असतो एवढेच ठाऊक असलेला माणूस येथे चकतो, कारण नेटवर्क स्तरावरची ओळखपडताळणी (पडदा उघडण्याआधीच ओळख तपासणे) चालू असेल, तर रिमोट डेस्कटॉपचे अयशस्वी प्रयत्नही ३ या प्रकाराखालीच नोंदले जातात. प्रयत्न बाहेरच्या, सतत बदलणाऱ्या आयपी पत्त्यांवरून येत होते. कार्यालयात राउटर होता, त्यात फायरवॉल, म्हणजे नेटवर्कमधील ये-जा नियमांनुसार सोडणारी वा अडवणारी यंत्रणा, होती आणि ती चालू होती. त्यामुळे ‘आपण सुरक्षित आहोत’ ही कार्यालयप्रमुखांची समजूत निराधार नव्हती. फक्त त्या फायरवॉलला काय काय सोडायला सांगून ठेवले आहे, हे कोणी पाहिलेले नव्हते.

बाहेरून दिसणारे चित्र

नेटवर्कच्या आत बसून त्याची तटबंदी तपासता येत नाही. म्हणून मी लॅपटॉप मोबाइल इंटरनेटवर घेतला आणि कार्यालयाच्या सार्वजनिक पत्त्यावरील सर्व ६५,५३५ टीसीपी पोर्ट (वेगवेगळ्या सेवांची क्रमांकित दारे) तपासले. चार पोर्ट उघडे होते. ३३८९० वरून थेट लेखापालांच्या संगणकाचा रिमोट डेस्कटॉप मिळत होता. ८०८० वर राउटरचे स्वतःचे व्यवस्थापन-पान उघडत होते. ५५४ आणि ८००० वर कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर उत्तर देत होता.

यातला प्रत्येक पोर्ट कोणीतरी कारणासाठी उघडला होता, ही बाब मला उघड्या पोर्टांपेक्षाही महत्त्वाची वाटते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाला दूरवरून दुरुस्ती करता यावी म्हणून रिमोट डेस्कटॉपचे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या यंत्राकडे पाठवणारा नियम) झाले होते, आणि त्याने ते नेहमीच्या ३३८९ ऐवजी ३३८९० वर ठेवून आपल्या परीने लपवलेही होते. या लपवण्याचा उपयोग आता फारसा उरलेला नाही. एका गिगाबिट जोडणीवरून संपूर्ण आयपीव्ही४ (इंटरनेट-पत्त्यांची जुनी पद्धत) जगातील एक पोर्ट ४५ मिनिटांच्या आत तपासून होतो, हे २०१३ मध्ये झेडमॅप या साधनाने दाखवून दिले. तेव्हा क्रमांक बदलल्याने दार दिसेनासे होत नाही, थोडे उशिरा सापडते इतकेच. राउटरचे पान बाहेरून उघडे ठेवले होते जोडणी करणाऱ्याने, पुन्हा यावे लागू नये म्हणून. रेकॉर्डरचे दोन पोर्ट मात्र कोणत्याही माणसाने उघडलेले नव्हते. राउटरवर यूपीएनपी (उपकरणांना स्वतःच पोर्ट उघडून घेऊ देणारी सोय) चालू होते आणि रेकॉर्डरने स्वतःच राउटरकडे मागणी करून ते उघडून घेतले होते. यूपीएनपीच्या मूळ रचनेत अशी मागणी करणाऱ्याची ओळख विचारली जात नाही. आतल्या कोणत्याही उपकरणाने, अगदी बाधित संगणकानेही, मागितले की राउटर देतो.

आतले चित्र त्याहून चिंताजनक होते. ११ संगणक, फाइल साठवणारे एक नॅस, २ प्रिंटर, ६ कॅमेरे, त्यांचा रेकॉर्डर, हजेरीयंत्र आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांचे मोबाइल, हे सगळे १९२.१६८.१.०/२४ या पत्त्यांच्या एकाच सपाट, म्हणजे मध्ये कोणतीही आडभिंत नसलेल्या, पट्ट्यात होते आणि वाय-फायचा पासवर्डही सर्वांना एकच होता. राउटरच्या पत्तेवाटपाच्या यादीत ४१ उपकरणे दिसली. त्यांपैकी २३ कोणाची आहेत हे कार्यालयाला सांगता आले.

आधी बंद करणे, मग शोध घेणे

सुरुवातीला राउटरच्या मांडणीची प्रत काढून ठेवली, चारही पोर्ट बंद केले आणि यूपीएनपी थांबवले. येथे एक तपशील सांगणे आवश्यक आहे. फॉरवर्डिंगचा नियम पुसल्यानंतरही राउटरच्या जोडण्यांच्या तक्त्यात ३३८९ कडे जाणारी एक जोडणी जिवंत दिसत होती. पत्ताबदलाचा (बाहेरच्या पत्त्यावर आलेले आतल्या पत्त्याकडे वळवण्याचा) निर्णय जोडणीच्या पहिल्याच पॅकेटवर, म्हणजे माहितीच्या पहिल्या तुकड्यावर, होतो आणि पुढची पॅकेटे त्या तक्त्याच्या आधारे जातात. नियम गेला तरी चालू असलेली जोडणी आपोआप तुटत नाही. लिनक्समध्ये स्थापित टीसीपी जोडणीची नोंद काहीही हालचाल नसताना मूळ मूल्यानुसार ४,३२,००० सेकंद, म्हणजे तब्बल ५ दिवस राहू शकते. म्हणून नियम बदलल्यावर तो तक्ता रिकामा करावा किंवा राउटर पुन्हा सुरू करावा; ‘नियम काढला, काम झाले’ असे समजून उठू नये.

मग खरा प्रश्न समोर आला : कोणी आत शिरले होते का? यशस्वी लॉगइनची ४६२४ ही नोंद शोधली, तर बाहेरच्या पत्त्यावरून एकही सापडली नाही. कार्यालयप्रमुखांना हायसे वाटले, पण मी त्यांना थांबवले. सुरक्षा-नोंदींच्या फाइलची मर्यादा मूळच्या २० एमबीवरच होती आणि अयशस्वी प्रयत्नांचा मारा इतका होता की त्या फाइलमध्ये जेमतेम गेल्या ३ दिवसांचा इतिहास उरला होता. पोर्ट उघडून तर दोन वर्षे होत आली होती. ३ दिवसांत कोणी आले नाही एवढेच त्या नोंदी सांगत होत्या, आणि त्यापलीकडचा निष्कर्ष काढणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे ठरले असते. आम्ही तो संगणक बाधित असल्याचे धरूनच वागलो. हिशेबाची विदा तपासून बाजूला काढली, यंत्रणा नव्याने बसवली, त्या संगणकावर कधीही टाकले गेलेले सर्व पासवर्ड बदलले. हे काम दोन दिवस चालले आणि कार्यालयाला ते जड गेले, परंतु त्याला पर्याय होता असे मला आजही वाटत नाही.

कोणाला कोणाशी बोलायचे आहे?

कार्यालयप्रमुखांची इच्छा नवी, मोठी फायरवॉल घेण्याची होती. असलेला राउटर लिनक्सवर चालणारा, वेगळे विभाग हाताळू शकणारा आणि अजूनही फर्मवेअरच्या सुधारणा मिळणारा होता, म्हणून मी तो ठेवण्याचा सल्ला दिला. फक्त व्हीएलॅन (एकाच उपकरणावर वेगळी राखलेली आभासी नेटवर्के) समजणारा एक स्विच घ्यावा लागला. उपकरणापेक्षा मोठी उणीव माहितीची होती. म्हणून एक दिवस मी राउटरला हात न लावता सर्वांना एकच प्रश्न विचारत फिरलो : तुमच्या कामासाठी कोणत्या यंत्राने कोणत्या यंत्राशी बोलणे आवश्यक आहे? उत्तरांतून एक तक्ता तयार झाला. संगणकांनी नॅसशी, प्रिंटरशी आणि इंटरनेटशी बोलायचे. कॅमेऱ्यांनी फक्त रेकॉर्डरशी. हजेरीयंत्राने इंटरनेटवरील एकाच सेवेशी. पाहुण्यांनी फक्त इंटरनेटशी. या तक्त्यात कोठेही ‘पाहुण्याच्या मोबाइलने नॅसशी बोलायचे’ असे नव्हते, आणि तरीही सपाट नेटवर्क ते रोज शक्य करून ठेवत होते.

या तक्त्यावरून पाच विभाग केले : कामाचे संगणक व नॅस, प्रिंटर, कॅमेरे व हजेरीयंत्र, पाहुणे आणि उपकरणांचे व्यवस्थापन. प्रत्येकाला स्वतंत्र व्हीएलॅन आणि स्वतंत्र पट्टा दिला, १९२.१६८.१०.० पासून पुढे. सेवा पुरवठादाराचे उपकरण आतापर्यंत स्वतः राउटिंग करून आलेले सर्व काही आमच्या राउटरकडे ढकलत होते. ते ब्रिज पद्धतीवर घेतले, म्हणजे त्याने फक्त जोडणी पुढे द्यायची असे केले; त्यामुळे सीमेवर एकच राउटर आणि एकच नियमावली राहिली. हा निर्णय योग्य होता, पण त्याचा एक परिणाम माझ्या नजरेतून निसटला; त्याकडे पुढे येतो.

नियमावलीचा पाया असा ठेवला : एका विभागातून दुसऱ्यात जाणारे सर्व काही मुळात नाकारायचे. सर्वांत वर, आधीच स्थापित झालेल्या जोडण्यांची उत्तरे जाऊ द्यायची. त्याखाली, कोणत्याही जोडणीत न बसणारी पॅकेटे टाकून द्यायची. आणि त्याखाली तक्त्यातील एकेक परवानगी एकेका नियमाने लिहायची. नियम वरून खाली वाचले जातात आणि स्वीकारायचे की नाकारायचे हे सांगणारा पहिला जुळणारा नियम लागू होतो, म्हणून व्यापक परवानगी चुकून वर गेली तर खालचा कडक नियम कधी वाचलाच जात नाही. बाहेरून येणाऱ्या नको त्या पॅकेटांना उत्तर न देता टाकून द्यायचे, पण आतून जाणाऱ्यांना स्पष्ट नकार पाठवायचा, असा भेद केला. आतल्या माणसाचा प्रोग्रॅम उत्तराची वाट पाहत मिनिटभर थिजून राहिला, तर तो सुरक्षेलाच दोष देऊ लागतो. लगेच नकार मिळाला तर निदान काय अडले ते कळते.

छोट्या नेटवर्कमध्ये वारंवार राहून जाणारी एक जागा येथे नोंदवतो. राउटरमधून पलीकडे जाणाऱ्या पॅकेटांचे नियम आणि खुद्द राउटरकडे येणाऱ्या पॅकेटांचे नियम वेगळे असतात. पाहुण्यांच्या विभागातून कामाच्या विभागाकडे जाणारा रस्ता मी बंद केला होता, आणि तरीही पाहुण्यांच्या वाय-फायवरून १९२.१६८.१०.१ हा पत्ता टाकताच राउटरचे पान उघडले. तो पत्ता कामाच्या पट्ट्यातला असला तरी राउटरचा स्वतःचाच आहे. त्यामुळे ते पॅकेट पलीकडे जातच नाही, राउटरपाशीच संपते, आणि आरपार जाणाऱ्यांचे नियम त्याला लागू होत नाहीत. पाहुण्यांना राउटरकडून दोनच गोष्टी हव्या असतात : पत्ता मिळण्यासाठी यूडीपी ६७ आणि नावांची चौकशी करण्यासाठी, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता मिळवण्यासाठी, पोर्ट ५३. तेवढे ठेवून बाकी सर्व बंद केले आणि व्यवस्थापन-पान फक्त व्यवस्थापनाच्या विभागातून उघडेल असे केले.

वाय-फायला पासवर्डऐवजी पिनने जोडू देणारे डब्ल्यूपीएसही बंद केले. त्याचा पिन ८ अंकी दिसतो, पण शेवटचा अंक पडताळणीचा असतो आणि उरलेले अंक ४ आणि ३ अशा दोन तुकड्यांत वेगवेगळे तपासले जातात. त्यामुळे एक कोटी शक्यतांऐवजी फार तर ११,००० प्रयत्न पुरतात. ही त्रुटी २०११ मध्येच जाहीर झाली आहे. राउटर, कॅमेरे आणि रेकॉर्डर यांचे कारखान्यातून आलेले पासवर्डही बदलले. २०१६ च्या मिराई या घातक प्रोग्रॅमच्या प्रकरणात साठेक ठरावीक नावे आणि पासवर्ड यांच्या जोरावरच लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले गेले होते, त्यामुळे याबाबत कोणाला पटवून देण्याची गरज पडली नाही.

जे मोडले ते

विभाजन केल्यावर पहिल्याच सकाळी तीन तक्रारी आल्या. संगणकांना प्रिंटर सापडेना, कारण प्रिंटर शोधणारी एमडीएनएसची हाक २२४.०.०.२५१ या पत्त्यावर जाते आणि ती आपल्याच विभागापुरती असते. राउटर ती ओलांडू देत नाही. प्रिंटरना स्थिर पत्ते देऊन संगणकांवर तेच पत्ते नोंदवले. स्कॅन केलेले कागद नॅसवर पोहोचेनात, कारण तक्त्यात ‘संगणक ते प्रिंटर’ होते, पण प्रिंटरच नॅसकडे ४४५ पोर्टवर फाइल पाठवतो हे कोणाच्या बोलण्यात आले नव्हते. त्या दोन यंत्रांपुरता, त्या एकाच पोर्टचा नियम जोडला. तिसरी तक्रार हजेरीयंत्राची होती. ते राउटरला न विचारता, स्वतःत कायमच्या लिहिलेल्या एका बाहेरच्या डीएनएस (नावचौकशीच्या) सर्व्हरला विचारत होते. आम्ही बाहेरची नावचौकशी फक्त राउटरमार्फत ठेवल्यामुळे ते अडले. हे अंदाजाने सापडले नसते. शेवटच्या नकार-नियमापुढचा मोजणीचा आकडा हजेरीच्या वेळी वाढताना दिसला आणि त्याची नोंद लॉगमध्ये ठेवायला सांगितल्यावर यंत्राचा पत्ता समोर आला. त्या यंत्राच्या चौकशा राउटरकडेच वळवल्या.

कॅमेऱ्यांचे इंटरनेट पूर्ण बंद केले आणि घड्याळ जुळवण्यासाठी राउटरवरचीच वेळसेवा दिली. यावर कार्यालयप्रमुखांचा आक्षेप रास्त होता : त्यांना घरून कॅमेरे पाहायचे होते. त्यासाठी वायरगार्डचे व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत येण्याचा कूटबद्ध मार्ग, ठेवले. यूडीपी ५१८२० हा एकच पोर्ट बाहेरून स्वीकारायचा, आणि योग्य किल्ली नसलेल्या पॅकेटाला वायरगार्ड उत्तरच देत नसल्यामुळे चाचपणी करणाऱ्याला तेथे काही आहे हेही कळत नाही. हिशेबाच्या तंत्रज्ञालाही स्वतंत्र किल्ली दिली. तिने आत आल्यावर त्याला एकाच संगणकाचा ३३८९ पोर्ट मिळतो, बाकी काही नाही, आणि लेखापालांनी सांगितल्याशिवाय ती किल्ली चालू केली जात नाही.

माझी स्वतःची चूक

सर्व झाल्यावर मोबाइल इंटरनेटवरून पुन्हा ६५,५३५ पोर्ट तपासले. एकही उत्तर आले नाही. काम संपले असे मी लिहूनही दिले. चौथ्या दिवशी लॉग पाहताना नॅसच्या नोंदीत बाहेरून झालेला एक अयशस्वी लॉगइन दिसला आणि त्याचा पत्ता आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या पत्तापद्धतीचा, होता.

सेवा पुरवठादाराचे उपकरण राउटिंग करत होते तोवर त्याने आयपीव्ही६ आमच्यापर्यंत येऊच दिले नव्हते. ब्रिज पद्धतीवर गेल्यावर आमच्या राउटरने थेट पुरवठादाराकडे /५६ पट्टा (रेघेपुढचा आकडा जितका लहान, तितका पत्त्यांचा पट्टा मोठा) मागितला, तो मिळाला, आणि त्याने त्यातले /६४ चे तुकडे विभागांना वाटून टाकले. नॅसला आता जगातून कोठूनही गाठता येईल असा पत्ता होता. आयपीव्ही४ मध्ये पत्ताबदलामुळे आतली यंत्रे आपोआप आडोशाला राहतात आणि हा आडोसा म्हणजेच फायरवॉल, असा समज नकळत रुजतो. आयपीव्ही६ मध्ये तो आडोसा नसतो, असतात ते फक्त नियम. आणि या राउटरवर आयपीव्ही६ च्या नियमांचा तक्ता वेगळा होता, रिकामा होता, सर्व काही स्वीकारणारा होता. मी तपासला होता तो फक्त आयपीव्ही४ चा पत्ता. तंत्रज्ञाने चांगल्या हेतूने एक दार उघडले होते, तसेच मीही चांगल्या हेतूने उघडले, आणि माझे दार त्याच्यापेक्षा मोठे होते.

/६४ पट्ट्यात इतके पत्ते असतात की एकेक तपासत नॅसपर्यंत पोहोचणे कोणालाही शक्य नाही. मग ते सापडले कसे? नॅसने स्वतःसाठी एक इंटरनेट-नाव नोंदवले होते, ते आपला बदललेला पत्ता त्या नावाखाली प्रसिद्ध करत होते, आणि त्याच नावाचे, संकेतस्थळाची ओळख पटवणारे प्रमाणपत्रही घेतलेले होते. अशी प्रमाणपत्रे सार्वजनिक नोंदवह्यांत जाहीर होतात आणि त्या नोंदवह्या वाचत राहणारे लोक आहेत. मी हाच मार्ग सर्वांत संभाव्य मानतो. नॅसच्या नोंदी यावेळी पहिल्या दिवसापासून पूर्ण होत्या. यशस्वी लॉगइन त्यांत खरोखरच नव्हते. तरीही नॅसचे पासवर्ड बदलले आणि ते बाहेरचे नाव रद्द केले.

दुरुस्तीसाठी सर्व नियम एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉल-साधनाच्या अशा एकाच तक्त्यात आणले, जो आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ या दोन्हींना लागू होतो, म्हणजे पुढे एक बदलून दुसरे विसरण्याची वाट उरली नाही. फक्त आयसीएमपीव्ही६ (आयपीव्ही६ मधील नियंत्रण-निरोपांचा प्रोटोकॉल) सरसकट बंद केले नाही. आयपीव्ही६ मध्ये वाटेतले राउटर पॅकेटाचे तुकडे करत नाहीत, ‘पॅकेट फार मोठे आहे’ असा निरोप पाठवणाऱ्याला देतात. तो निरोप अडवला तर काही संकेतस्थळे अर्धवट उघडून थबकतात आणि कारण सापडता सापडत नाही. शेजारी यंत्रांचा शोधही याच प्रोटोकॉलवर चालतो. त्यामुळे आवश्यक तेवढे प्रकार स्वीकारले आणि बाकीचे नाकारले. नंतरची चाचणी दोन्ही प्रकारच्या पत्त्यांवरून बाहेरून केली आणि प्रत्येक विभागात लॅपटॉप जोडून आतूनही केली. कॅमेऱ्याची केबल काढून तीत लॅपटॉप लावला असता रेकॉर्डरखेरीज काहीही दिसले नाही. पाहुण्यांच्या खोलीतील भिंतीवरचे एक रिकामे सॉकेट मात्र अजून कामाच्या विभागात होते, ते त्याच दिवशी स्विचवर बंद केले.

आता प्रत्येक नियमापुढे चार गोष्टी लिहिलेल्या असतात : तो का आहे, कोणी मागितला, कधी जोडला आणि पुन्हा कधी पाहायचा. तिसऱ्या महिन्याच्या पाहणीत हजेरीयंत्रासाठी तात्पुरता जोडलेला एक नियम मुदत उलटूनही राहिलेला सापडला. त्याच्या मोजणीचा आकडा शून्य होता. मागणाऱ्याच्या नावासमोर माझेच नाव होते, म्हणून कोणालाही विचारावे लागले नाही. तो पुसला, जोडण्यांचा तक्ता रिकामा केला आणि दुसऱ्या सकाळच्या हजेरीची सर्व नोंद पोहोचल्याची खात्री करून घेतली.